पेशीच्या काठावरची कुळं
(प्रस्तावना)

रायगड जिल्ह्यात लाल विंचवाचा दंश झालेला पेशंट एके काळी डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत जायचा. नांगी बसली तिथे कधी कधी फारसं दुखतही नसे. पण थोड्याच वेळात दरदरून घाम फुटायचा, उलट्या व्हायच्या, हातपाय गार पडायचे, नाडी धावायची, रक्तदाब चढायचा. काही तासांत श्वास लागायचा, तोंडाशी गुलाबी फेस यायचा आणि फुप्फुसांत पाणी भरून माणूस संपायचा. त्यात लहान मुलं अधिक असत. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा या मरणाकडे नशीब म्हणून पाहिलं जात होतं. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम टिपला आणि १९८२ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. पुढे डॉ. प्रमोदिनी बावस्करांच्या साथीने त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध या पेशंटना द्यायला सुरुवात केली. त्याचा वृत्तांत १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात आला. तीव्र दंशाच्या दहा पेशंटमधले तीन-चार दगावत असत. पुढे हे प्रमाण शंभरात एक-दोघांवर आलं. पेण, रोहा, माणगाव, महाड या पट्ट्यातल्या कित्येक घरांत आज जी माणसं हिंडती-फिरती आहेत, ती या गोळीमुळे आहेत.

ही गोळी विषाला हात लावत नाही. विष रक्तात तसंच फिरत राहतं. प्राझोसिन जाऊन बसतं ते रक्तवाहिन्यांच्या स्नायूंच्या पेशींवर, त्यांच्या बाहेरच्या पटलात रोवलेल्या एका प्रथिनावर. या प्रथिनाचं नाव आल्फा-१ रिसेप्टर. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिनचा पूर येतो, हे रेणू त्या रिसेप्टरला चिकटतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि आवळलेल्या नळ्यांमध्ये रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं. प्राझोसिन आधीच तिथे ठाण मांडून बसलं की नॉरॲड्रिनलिनला जागाच उरत नाही. वाहिन्या सैल पडतात आणि हृदयावरचा भार उतरतो.

या पुस्तकाचा विषय आहे तो हा रिसेप्टर आणि त्याचं गोत. पेशीच्या पटलात रोवलेली, बाहेरची खबर आत पोहोचवणारी ही प्रथिनं आली कुठून? आल्फा-१ रिसेप्टर माणसाच्या शरीरात का आहे, याचं वैद्यकीय उत्तर सोपं आहे: रक्तदाब सांभाळायला. पण तो असा का आहे, त्याच्यासारखे आणखी शेकडो का आहेत, आणि त्यातले काही ताडाच्या माडीतल्या यीस्टमध्ये आणि खाडीच्या गाळातल्या एकपेशीय जीवांत कसे काय सापडतात, याचं उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात मिळत नाही. ते मिळवायला काही शे कोटी नाही तरी शंभर कोटी वर्षं मागे जावं लागतं. पेण आणि रोह्याच्या वर्गांत प्राणिशास्त्र शिकवताना मला सतत जाणवत आलं की विद्यार्थ्यांना रिसेप्टरची यादी पाठ होते, त्यांचं नातं मात्र कुणी सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की नातं कळल्याशिवाय ही यादी कळत नाही. हे पुस्तक त्यासाठी लिहिलं.

रिसेप्टर हा प्रकार शास्त्रात बराच काळ नुसता तर्क होता. जॉन लँग्ली यांनी १९०५ च्या सुमारास निकोटिन आणि क्युरारे या विषांचा स्नायूंवरचा परिणाम पाहून म्हटलं, की पेशीवर काहीतरी ग्रहण करणारा पदार्थ असलाच पाहिजे. १९४८ मध्ये रेमंड आल्क्विस्ट यांनी ॲड्रिनलिनसाठी असे दोन प्रकार असावेत असं मांडलं आणि त्यांना आल्फा व बीटा ही नावं दिली. तोवर कुणी रिसेप्टर डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, नळीत गोळा केलेला नव्हता. तो हाती यायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. बावस्करांचा प्राझोसिनवरचा लेख आला त्याच वर्षी, १९८६ मध्ये, अमेरिकेत रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमस्टरच्या बीटा-२ रिसेप्टरचं जनुक वाचून काढलं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ही साखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते, असं त्या क्रमावरून दिसलं. इतकंच असतं तर ती एक बारीकशी माहिती ठरली असती. पण हा क्रम आधीच वाचलेल्या एका प्रथिनाशी जुळत होता, आणि ते प्रथिन होतं ऱ्होडॉप्सिन, डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणारं.

हृदयाची धडधड वाढवणारा रिसेप्टर आणि अंधारात वाट दाखवणारा रिसेप्टर सख्खे नातलग निघाले. यातून पुढे जे उलगडत गेलं त्याने शरीरशास्त्राकडे पाहण्याची रीतच बदलली. वास, काही चवी, प्रकाश, ॲड्रिनलिन, सेरोटोनिन, डोपामिन, हिस्टामिन, अफूचा अंमल, या सगळ्यांचे रिसेप्टर त्याच सात फेऱ्यांच्या घडणीचे. पेशीच्या आतल्या बाजूला ते ‘जी’ नावाच्या प्रथिनाला जागं करतात, म्हणून त्यांना जी-प्रथिनाशी जोडलेले रिसेप्टर म्हणतात. माणसाच्या जीनोममध्ये त्यांची सुमारे ८०० जनुकं आहेत. आज वापरात असलेल्या औषधांपैकी साधारण एक तृतीयांश औषधं या एकाच घराण्यावर काम करतात. लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना या कामासाठी २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एकाच्या ८०० कशा झाल्या? पेणच्या, हमरापूरच्या, जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यात जो उभा राहिलाय त्याला हे चटकन समजेल. एका साच्यातून अंग निघतं. मग कुणाचे हात बदलतात, कुणाची बैठक, कुणाचा मुकुट, आणि शेवटी आखणी करणारा कारागीर डोळे काढतो तेव्हा त्याच साच्यातली मूर्ती वेगळीच होऊन बसते. जनुकाचंही तसंच होतं: चुकून त्याची दुसरी प्रत निघते, पहिली प्रत जुनं काम सांभाळत राहते आणि दुसरीला बदलायला मोकळीक मिळते. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की इथे साचाही हळूहळू बदलतो आणि आखणी करणारं कुणी नसतं. टिकेल ते टिकतं. सुसुमु ओनो यांनी १९७० मध्ये जनुकांच्या प्रती निघण्यातून होणाऱ्या उत्क्रांतीवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या पूर्वजांत तर संपूर्ण जीनोमच दुप्पट होण्याचा प्रकार दोनदा घडला असं आज मानलं जातं. आपल्याकडे ॲड्रिनलिनचे नऊ रिसेप्टर आहेत: आल्फा-१ चे तीन, आल्फा-२ चे तीन, बीटाचे तीन. ही तीन-तीनची मांडणी अशा प्रती निघण्यातूनच आली आहे.

आता विंचवाकडे पुन्हा पाहिलं तर एक वेगळीच गोष्ट दिसते. विंचू संधिपाद प्राणी. त्याच्या आणि कीटकांच्या अंगात ॲड्रिनलिनच्या जागी ऑक्टोपामिन आणि टायरामिन हे रेणू काम करतात. पूर्वी असं शिकवलं जाई की पाठीचा कणा असलेल्यांची एक व्यवस्था, बाकीच्यांची दुसरी. गेल्या काही वर्षांत समुद्री किडे आणि इतर काही प्राण्यांवरच्या कामातून दिसलं की दोन्ही तऱ्हांचे रिसेप्टर एकाच प्राण्यात शेजारी-शेजारी नांदू शकतात, म्हणजे दोन्ही तऱ्हा आपल्या सामाईक पूर्वजापाशी होत्या. आपण एक सोडली, बहुतेक कीटकांनी दुसरी. ज्या आल्फा रिसेप्टरमुळे पेशंटचा जीव धोक्यात येतो, त्याचे चुलतभाऊ खुद्द विंचवाच्या अंगात आहेत.

विष स्वतः ज्याला धरतं ती गोष्ट आणखी जुनी. लाल विंचवाच्या विषाचा मुख्य घटक मज्जातंतूंच्या पेशींवरच्या सोडियम वाहिन्यांना चिकटतो आणि त्या मिटू देत नाही. म्हणून मज्जातंतू पेटल्यासारखे संदेश सोडत राहतात आणि ॲड्रिनलिनचा पूर येतो. या वाहिन्यांचं जनुक २०११ मध्ये अशा एका जीवात ओळखलं गेलं ज्याला मज्जातंतू नाहीत, स्नायू नाहीत, अंग म्हणावं असंही काही नाही. तो जीव एका पेशीचा आहे. त्याचं नाव कोअॅनोफ्लॅजेलेट, आणि या पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण त्याच्यावर आहे.

हा जीव पाहायला परदेशात जावं लागत नाही. कोअॅनोफ्लॅजेलेट जवळपास सगळ्या पाण्यांत असतात, गोड्या, खाऱ्या आणि मचूळ. धरमतरच्या खाडीचं किंवा रोह्याखालच्या कुंडलिकेचं भरतीचं पाणी काचेच्या बरणीत घ्यावं, त्यात भाताचे दोन-चार दाणे टाकून जिवाणू वाढू द्यावेत आणि काही दिवसांनी तळाजवळचा थेंब चारशेपट मोठा करून पाहावा. धीर हवा, कारण जीव मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतो. अंडाकृती पेशी, एका टोकाला एकच लांब शेपटी, आणि शेपटीच्या मुळाशी बारीक तंतूंची गोल कॉलर. शेपटी हलते तसं पाणी ओढलं जातं, त्यातले जिवाणू कॉलरवर अडकतात आणि पेशी ते गिळते. अशी कॉलरवाली पेशी स्पंजच्या पोटातही असते, अगदी हुबेहूब. हे साम्य हेन्री जेम्स-क्लार्क यांनी १८६० च्या दशकातच ओळखलं होतं. पुढे जीनोमच्या तुलनेतून पक्कं झालं की कोअॅनोफ्लॅजेलेट हे प्राण्यांचे आज जिवंत असलेले सगळ्यात जवळचे नातलग आहेत. ते आपले पूर्वज नव्हेत, चुलत घराणं आहे. दोघांचा पूर्वज एक.

निकोल किंग यांनी या नात्याचा पाठपुरावा जिद्दीने केला. २००१ मध्ये त्यांनी आणि शॉन कॅरल यांनी कोअॅनोफ्लॅजेलेटमध्ये टायरोसिन कायनेज जातीचा रिसेप्टर दाखवला. हे घराणं आपल्या ओळखीचं आहे, जरी नाव ओळखीचं नसलं तरी: मधुमेहाच्या बातम्यांत येणारा इन्सुलिनचा रिसेप्टर त्यातलाच, आणि स्तनाच्या कर्करोगात ज्याची तपासणी सांगतात तो हर-२ सुद्धा. पेशींनी कधी वाढायचं, कधी थांबायचं, हे या घराण्यावर ठरतं. एक पेशी असलेल्या जीवाला असलं काही लागू नये असंच वाटेल. २००८ मध्ये मोनोसिगा ब्रेविकोलिस या कोअॅनोफ्लॅजेलेटचा जीनोम पूर्ण वाचून झाला. सुमारे ९,२०० जनुकं, आणि त्यांत टायरोसिन कायनेजची १२८. माणसात ती ९० च्या आसपास आहेत. पेशीला पेशी चिकटवून ठेवणारी कॅडहेरिन प्रथिनं त्यात २३ निघाली, आणि हा जीव आयुष्यभर एकटा राहतो!

हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. इतकी वर्षं आपण शिकवत होतो की प्राणी अनेकपेशीय झाले आणि मग पेशींना एकमेकींशी बोलण्याची गरज पडली म्हणून ही प्रथिनं आली. क्रम उलटा निघाला. प्रथिनं आधी होती. कोअॅनोफ्लॅजेलेटमध्ये काही कॅडहेरिन कॉलरवर सापडली, जिथे जिवाणू पकडले जातात. म्हणजे भक्ष्य धरायची प्रथिनं पुढे शेजारणीला धरायच्या कामी आली असावीत, असा एक तर्क आहे. मला तो पटतो; पुराव्याचं माप मात्र त्या प्रकरणात वेगळं मांडलं आहे, वाचकाने स्वतः तोलावं.

एक बारकावा इथेच सांगून टाकतो, कारण वर्गात तो हमखास निसटतो. कोअॅनोफ्लॅजेलेटचे टायरोसिन कायनेज रिसेप्टर आपल्या रिसेप्टरशी पूर्ण जुळत नाहीत. आतला तुकडा, जो रासायनिक काम करतो, तो एकाच घडणीचा. बाहेरचा तुकडा, जो खबर घेतो, तो वेगळाच. रिसेप्टर हे तुकड्यांनी बनलेले असतात आणि उत्क्रांतीत हे तुकडे एका जनुकातून दुसऱ्यात जाऊन जुळतात. म्हणून ‘इन्सुलिनचा रिसेप्टर कोअॅनोफ्लॅजेलेटमध्ये आहे’ असं म्हणणं चूक आहे. त्याचा अर्धा भाग ज्या घराण्याचा आहे ते घराणं तिथे आहे, एवढंच खरं.

उत्क्रांतीत गोष्टी जमा होत जातात तशा गळूनही जातात, याचं उदाहरण इंटेग्रिनचं. पेशीला आधाराशी बांधून ठेवणारे हे रिसेप्टर बराच काळ फक्त प्राण्यांचे मानले जात. २०१० मध्ये ते कॅप्सास्पोरा नावाच्या एकपेशीय जीवात सापडले. हा जीव गोड्या पाण्यातल्या एका गोगलगायीच्या रक्तात राहतो, आणि नात्याने तो कोअॅनोफ्लॅजेलेटपेक्षा आपल्याला लांबचा आहे. मग जवळच्या कोअॅनोफ्लॅजेलेटमध्ये इंटेग्रिन का नाही? त्यांच्या वाटेवर ते हरवले. बुरशींच्या वाटेवरही हरवले. फक्त जवळचे नातलग पाहून इतिहास लिहिला असता तर तो चुकीचा लिहिला गेला असता.

बुरशीचं नाव निघालं म्हणून माडीकडे वळतो. माडावरून किंवा ताडावरून उतरवलेली गोड निरा दुपारपर्यंत आंबते ती यीस्टमुळे, आणि सॅकरोमायसिस हे यीस्ट बुरशींतलं सर्वाधिक अभ्यासलेलं. त्याच्या दोन जाती असतात, ‘ए’ आणि ‘आल्फा’. एक जात आपला खास रेणू पाण्यात सोडते, दुसरी तो ओळखते आणि त्या दिशेने वाढू लागते. मग दोघींचा संयोग होतो. हा रेणू ओळखणारे दोन्ही रिसेप्टर सात फेऱ्यांचे, जी-प्रथिनाला जोडलेले. प्राणी आणि बुरशी वेगळे होऊन शंभर कोटींहून अधिक वर्षं लोटली. तरी माडीच्या मडक्यात जोडीदार शोधणारी यीस्टची पेशी आणि विंचू चावल्यावर आवळणारी आपली रक्तवाहिनी खबर आत नेतात ती एकाच जुन्या पद्धतीने.

इथपर्यंत वाचल्यावर मोह होतो की जे जे सात वेळा आरपार जातं ते सगळं एकाच घराण्याचं. या मोहापासून वाचकाला सावध करायला मी पेणच्या मिठागरांवर एक प्रकरण लिहिलं आहे. पेण-उरणच्या खाडीकाठी आगरी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं पिकवली. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं, आणि उन्हाळा चढला की शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. मीठ धरायच्या आधी पाणी अतिखारट झालं की त्याला गुलाबी, कधी लालसर झाक येते. हा रंग त्या खारात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असतो. त्यांत हॅलोआर्किया हा गट प्रमुख. हे दिसायला जिवाणूंसारखे, पण कुळाने पार वेगळे. त्यांच्यातल्या एकाच्या पटलात डीटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्टर श्टोकेनियस यांना १९७१ मध्ये जांभळं प्रथिन मिळालं. ते प्रकाश शोषून प्रोटॉन बाहेर ढकलतं आणि त्या जोरावर पेशी ऊर्जा मिळवते. नाव ठेवलं बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन, कारण त्यात रेटिनल हा रेणू होता: अ जीवनसत्त्वापासून बनणारा, आपल्या डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनमध्ये असतो तोच. १९७५ मध्ये रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अनविन यांनी त्याचा आकार काढला तेव्हा सात फेऱ्या दिसल्या.

रेटिनल तेच, सात फेऱ्या त्याच, रेटिनल जिथे अडकतं ती सातव्या फेरीतली लायसिनची जागासुद्धा तीच. यापेक्षा भक्कम पुरावा काय हवा? पण अमिनो आम्लांचा क्रम लावून पाहिला तर जुळत नाही. मिठागरातलं प्रथिन आणि डोळ्यातलं प्रथिन एकाच मुळाचे दोन फार जुने फाटे आहेत, की दोन वेगळ्या मुळांनी एकच गरज भागवायला एकच आकार गाठला, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. डासाचं प्रकरण याहून स्पष्ट आहे. खाडीकाठी संध्याकाळी आपल्या अंगाच्या वासावर येणारा डास वास घेतो तो सात फेऱ्यांच्याच रिसेप्टरने. मात्र कीटकांचे हे रिसेप्टर पटलात उलटे बसलेले असतात, आपला बाहेरचा भाग त्यांचा आत, आणि ते जी-प्रथिनापाशी न जाता स्वतःच वाहिनी होऊन विद्युतभारित कण आत सोडतात. घराणंच वेगळं. आकार पाहून नातं जोडू नये, क्रम पाहावा, आणि क्रमही पुरेसा नसेल तर थांबावं, हे या विषयातलं पहिलं पथ्य आहे.

आपल्या वासाच्या रिसेप्टरचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये लावला. माणसात या घराण्याची सुमारे ४०० जनुकं काम करतात आणि जवळपास तितकीच मोडकळीला आलेली आहेत, तर आफ्रिकी हत्तीत चालू जनुकं २,००० च्या घरात. या आकड्यांवर पुस्तकात लांबलचक चर्चा आहे, ती इथे नको. वासाचा एक दुसरा, लहान संच आहे, त्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. २००६ मध्ये बक यांनी स्टीफन लिबरल्स यांच्यासह हा संच शोधला. त्यातला एक रिसेप्टर ट्रायमिथिलअमिन ओळखतो, म्हणजे मासळीचा वास. खाडीकाठच्या गावात सुकट वाळत घातलेली असते तेव्हा नाकापर्यंत येतो तो हाच रेणू. आणि हा संच वासाच्या नेहमीच्या घराण्यातून आलेला नाही. तो ॲड्रिनलिन-सेरोटोनिनच्या रिसेप्टरांच्या शाखेवरचा फुटवा आहे. वासाचं काम त्याला नंतर लागलं.

नागाच्या विषाचं प्रकरण मी घाटाखालच्या डॉक्टरांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं, कारण भातलावणीच्या दिवसांत त्यांच्याकडे येणाऱ्या पेशंटच्या पापण्या का मिटतात आणि श्वास का बंद पडतो याची गुरुकिल्ली एका रिसेप्टरमध्ये आहे. मज्जातंतूने स्नायूला हुकूम द्यायचा तो ॲसिटिलकोलीन सोडून. स्नायूवरचा निकोटिनिक रिसेप्टर ते ओळखतो आणि उघडतो. नागाचं मज्जाविष नेमकं त्या जागी बसतं. तैवानमध्ये १९६३ साली तिथल्या मण्यारीच्या विषातून वेगळ्या काढलेल्या अशाच एका विषाच्या मदतीने पुढे हा रिसेप्टर विजेरी माशाच्या अंगातून गोळा करता आला. पाच तुकड्यांच्या वर्तुळाचा हा रिसेप्टर किती जुना? २००५ मध्ये त्याचे नातलग जिवाणूंत सापडले. ग्लिओबॅक्टर या जिवाणूतला नातलग ॲसिटिलकोलीन ओळखत नाही, तो आम्लता वाढली की उघडतो. स्नायू, मज्जातंतू, नाग आणि माणूस यांपैकी काहीही पृथ्वीवर नव्हतं, तेव्हाची ही घडण आहे.

मुंगूस नागाशी भिडतं ते चपळाईच्या जोरावर, हे खरं, पण तेवढंच खरं नाही. मुंगसाच्या निकोटिनिक रिसेप्टरमध्ये एका जागी अमिनो आम्ल बदललंय आणि तिथे साखरेची साखळी चिकटते, त्यामुळे विषाला बसायला जागा राहत नाही. खुद्द नागानेही, वेगळ्या वाटेने, अशीच साखरेची आड घातली आहे; नाहीतर स्वतःच्या विषाने तोच मेला असता. साळिंदरासारख्या दिसणाऱ्या काटेरी हेजहॉगमध्ये आणि डुकरामध्ये त्याच भागात धन विद्युतभाराचं अमिनो आम्ल आलंय आणि तेही विषाला दूर ठेवतं. एकाच रिसेप्टरच्या एकाच कोपऱ्यावर उत्क्रांतीने इतक्या वेळा हात फिरवला आहे.

शेतकरी वाचकांसाठी एक गोष्ट याच प्रकरणात आहे. भातावरच्या तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड फवारतात ते कीटकांच्या निकोटिनिक रिसेप्टरला घट्ट धरतं आणि आपल्या रिसेप्टरला सैल. दोन्ही रिसेप्टर एका मुळाचे, पण कोट्यवधी वर्षांत दुरावलेले, आणि फवारणीची सगळी भिस्त त्या दुराव्यावर. मधमाशीचा रिसेप्टर मात्र तुडतुड्याच्या रिसेप्टरपासून तितका दुरावलेला नाही. तिला हे औषध बाधतं ते म्हणून. रोह्याच्या धाटाव वसाहतीत रसायनशास्त्र शिकून कामाला लागलेले माझे विद्यार्थी आहेत. रेणू कसा बनवायचा हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तो रेणू कुणाच्या अंगात कुठे जाऊन बसणार हे कळायला वंशावळ लागते.

निवटीवर मी दोनच पानं लिहिली, मनात असूनही जास्त लिहिता आली नाहीत. ओहोटीला चिखलावर उड्या मारणारा हा मासा खारेपाटात चवीने खाल्ला जातो. या गटाच्या चार माशांचे जीनोम २०१४ मध्ये वाचले गेले: दृष्टीची काही जनुकं गळालेली किंवा बदललेली, हवेत पाहण्याशी जुळणारी, आणि जन्मजात प्रतिकारशक्तीची जनुकं वाढलेली, कदाचित जमिनीवरच्या नव्या रोगजंतूंशी गाठ पडल्यामुळे. पाण्यातून बाहेर येणं हे पायांचं आणि श्वासाचं काम आहे असं आपण मानतो. पेशीच्या काठावरची प्रथिनंही त्यात बदलतात, आणि ती बदललेली पाहायची तर पेणच्या खारबंदिस्तीवर ओहोटीला उभं राहिलं तरी पुरे.

वाचनाच्या क्रमाबद्दल थोडं. रसायनशास्त्राची भीती वाटत असेल त्यांनी दुसरं प्रकरण सोडून द्यावं, पुढे काही अडत नाही. डॉक्टरांनी विंचू आणि नाग ही दोन प्रकरणं आधी वाचावीत. बावस्करांच्या कामाचा पुढचा टप्पा, म्हणजे २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेली प्राझोसिन आणि प्रतिविष एकत्र देण्याची चाचणी, तिथे सविस्तर आहे; दोन्ही मिळून दिलं की पेशंट लवकर बरा होतो हे त्यांनी त्यात दाखवलं. शिक्षकांनी कोअॅनोफ्लॅजेलेटचं प्रकरण वर्गात नेण्याआधी बरणीतलं पाणी स्वतः पाहावं. विद्यार्थ्यांना चित्र दाखवणं आणि हलती शेपटी दाखवणं यांत फार अंतर आहे.

शेवटच्या प्रकरणात मी एकाच्या ऐवजी दोन वंशवृक्ष छापायला सांगितले, आणि त्यावरून मुद्रकाला दोनदा समजावावं लागलं. प्राण्यांच्या झाडावर सगळ्यात आधी फुटलेली फांदी कोणती, स्पंजची की टेनोफोर या पारदर्शक, जेलीसारख्या सागरी प्राण्यांची, हा वाद २००८ पासून पेटलेला आहे. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात गुणसूत्रांवरची जनुकांची शेजारव्यवस्था तपासून टेनोफोरच्या बाजूने कौल दिला गेला. स्पंजच्या बाजूचे अभ्यासक मागे हटलेले नाहीत. स्पंजला मज्जातंतू नाहीत, टेनोफोरला आहेत. पण टेनोफोरमध्ये सेरोटोनिन, डोपामिन यांची नेहमीची व्यवस्था सापडत नाही. टेनोफोरची फांदी पहिली असेल, तर मज्जातंतू एक तर दोनदा जन्मले किंवा स्पंजने ते गमावले, आणि रिसेप्टरांच्या कितीतरी घराण्यांचा जन्म कुठे मांडायचा हे नव्याने ठरवावं लागेल. म्हणून दोन्ही झाडं समोरासमोरच्या पानांवर आहेत, आणि प्रत्येक घराण्याचं मूळ दोन्हींवर वेगवेगळ्या जागी खुणावलेलं आहे. परीक्षेत कोणतं झाड काढायचं असं विद्यार्थी विचारतील. कोणतंही काढा, फक्त कोणत्या पुराव्यावर ते त्याखाली लिहा, असं शिक्षकांनी सांगावं. आणि पुढच्या आवृत्तीत त्यातलं एक पान कमी झालं तर जुन्या प्रतीतलं पान फाडू नये.